एक घुटुक ऐकू येईपर्यंत

"आधी खांदे खाली सोड. मग बाळाला घे."

माझी आई हे इतक्या हळू आवाजात सांगायची की ऐकण्यासाठी हातातलं काम थांबवावं लागायचं, आणि काम थांबलं की निम्मे खांदे तिथेच उतरायचे. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. चेहरा आठवायला मला फोटो काढून बघावा लागतो, पण आवाजाला काही लागत नाही. कुठल्याही बाळाच्या मानेखाली हात घातला की तो आपला आपण येतो.

लेकीचं बाळंतपण झालं, बाळ नीट पीत नाही अशी बातमी आली आणि मी तिच्याकडे जायला बॅग भरायला घेतली, तेव्हाही तो आला. म्हटलं, चला, आपल्याकडे देण्यासारखं एवढं एक तरी आहे. साड्यांच्या घडीत तो आवाजही नीट घालून ठेवावा, अशा आनंदात मी होते, तेवढ्यात लेकीचा फोन.

"आई, तू ये. नक्की ये. फक्त एक कर, सल्ला देऊ नकोस."

"कसला सल्ला?"

"कुठलाच. इथे सल्ल्यांचा नुसता चिखल झालाय. मला एक माणूस असं हवंय, जे काही सांगणार नाही."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला, देवासमोर बसले आणि नेम घेतला: बाळ पोटभर पिऊन शांत झोपेपर्यंत त्याच्या पिण्याबद्दल तोंडातून सल्ल्याचा एक शब्द काढायचा नाही.

इथे माझ्या नेमांविषयी थोडं सांगायला हवं. काहींना सकाळी चहा लागतो, तसा मला नेम लागतो. पक्का नेम एकच. सकाळी दिवा लावला की तो आपणहून शांत होईपर्यंत मौन. बाकीचे फिरते. कधी मीठ नाही, कधी खुर्ची नाही. एकदा 'दिवसभर कोणाबद्दल मनातही वाईट बोलायचं नाही' असा घेतला होता. तो दुपारपर्यंत चांगला चालला होता, पण मग नळदुरुस्तीवाला आला. आमचे हे मला गाडीत बसवून द्यायला आले तेव्हा नव्या नेमाबद्दल ऐकून म्हणाले, "सल्ला द्यायचा नाही? तू? अगं, त्यापेक्षा आणखी एकदा मीठ सोड. झेपेल ते."

मी काही बोलले नाही. नेमाची सवय आत्तापासून असलेली बरी.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. खोलीत पलंग, पलंगाला खेटून पाळणा आणि भिंतभर एक लाकडी कपाट. पाळण्यात नातू. मी त्याला पाहिलं आणि पहिलाच विचार मनात आला, हे कुठल्यातरी कचेरीतले साहेब आहेत. कपाळावर आठ्या, दोन्ही मुठी हनुवटीखाली गच्च, ओठ मिटलेले. समोर आलेली फाइल सही न करता परत पाठवायची असं ठरवून बसलेला चेहरा. तेव्हापासून घरात सगळे त्याला साहेबच म्हणू लागले.

साहेब पीत कसे, ते मी दारात उभी राहून पाहिलं. लेक त्याला जवळ घ्यायची आणि तो मान मागे टाकून धनुष्यासारखा ताणला जायचा. मग एकदम धरायचा, इतका जोरात की लेकीच्या पायांची बोटं वळायची आणि ती टॉवेलचं टोक दातांत धरायची. मग आवाज यायचा, टक्. पुन्हा धरायचा, पुन्हा टक्. दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळून मानेच्या वळीत जायचं. थोड्या वेळाने साहेब दमून झोपायचे, आणि लेकीने पदर सावरून कूस बदलेपर्यंत भुकेने परत उठायचे. मग काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायचं. सगळं संपेपर्यंत पुढच्या पाजण्याची वेळ झालेली.

लेकीचे खांदे या सगळ्यात कानांना टेकलेले असायचे. शेजारी उभ्या जावयांचेही. आणि दारात मी उभी होते, माझे खाली होते असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मला आठवत होतं ते वेगळंच होतं. ही लेक एवढीशी होती तेव्हा दुपारी सगळं घर गप्प असायचं आणि त्या गप्पपणात एकच बारीक आवाज असायचा. घुटुक. जरा थांबून पुन्हा घुटुक. कोणीतरी खूप आत, विहिरीच्या तळाशी, एकेक खडा सोडावा तसा. आई बाजूला बसून शेंगा सोलत असायची आणि त्या आवाजासाठी सोलणंही हळू करायची. तो आवाज ऐकायला मी इतक्या लांबून आले होते, आणि ऐकू येत होतं ते टक्.

सांगायला तोंडाशी वाक्य तयार होतं. पाच-सहाच शब्दांचं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. पहिल्या आठवड्यात मी त्या घरातली इतकी भांडी घासली की जावई एकदा कढई उलटसुलट करून म्हणाले, "आई, ही आपलीच ना?"

जावई लिफ्ट तपासणारे इंजिनियर. स्वभावाने अतिशय चांगले, पण जगात जे काही अडतं ते सरळ रेषेत नसल्यामुळे अडतं अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी आधी एक उशी आणली. मग तिच्याखाली घालायला उतरती उशी, मग कमरेभोवती घालायची अर्धगोल उशी, मग ती घसरू नये म्हणून एक चौकोनी. एका दुपारी मी खोलीत गेले तर पलंगावर उशांचा डोंगर, वर लेकीचं डोकं, आणि साहेब कुठेच दिसेनात. आवाजावरून काढले. शेवटी जावयांनी बॅगेतून पाणसळ आणली आणि बाळाच्या पाठीशी धरून, बुडबुडा मध्ये येईपर्यंत, "थोडं वर… थोडं खाली…" असं सुरू केलं.

लेक म्हणाली, "अहो, हा तुमचा मजला नाही."

पाणसळ बॅगेत गेली. पण लांब नाही, वरच्याच कप्प्यात.

समोरच्या दारात एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. रोज दुपारी त्या तपासणीला आल्यासारख्या यायच्या. "वेळापत्रक लावा. घंटा झाली की दूध, घंटा झाली की झोप. मी हजार मुलं वाढवली आहेत." हजारांपैकी एकही पाच आठवड्यांचं नव्हतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. पण ते बोलले असते तर पुढचं वाक्यही बाहेर पडलं असतं, म्हणून मी हसले.

"तुम्ही आजी ना? मग तुमचं म्हणणं काय?" त्यांनी मला विचारलं.

मी पुन्हा हसले.

"अशी आजी मी पाहिली नाही," म्हणून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साखर मागायला आल्या, तेव्हा माझा दिवा चालू होता. मी बोटाने डबा दाखवला, हाताने "घ्या" म्हटलं. दोन प्रसंगांची त्यांनी बेरीज केली आणि उत्तर सगळ्या इमारतीला कळवलं. संध्याकाळी मी भाजी आणायला खाली उतरले तर वॉचमनने मला पाहून तोंड उघडलं, मिटलं, आणि दोन बोटांनी हवेत चालून दाखवत भुवया उंचावल्या: कुठे निघालात? मी चांगली बोलती-चालती बाई, सकाळचं मौन सोडलं तर. पण त्याने इतक्या मायेने विचारलं होतं की मीही पिशवी हलवून भाजीची जुडी हवेत काढून दाखवली. त्याला फार आनंद झाला. तेव्हापासून त्या इमारतीत मी मुकी-बहिरी. वरच्या मजल्यावरचे काका तर माझ्याशी बोलताना शब्दांचे तुकडे करून, ओठ लांबवून बोलायचे. "न-म-स्का-र." माणसाने गैरसमज खोडायचे तरी कुठे कुठे.

मग स्तनपान सल्लागार बाई घरी आल्या. हात धुऊन, हातमोजा घालून त्यांनी साहेबांच्या तोंडात बोट घातलं, जिभेखालून फिरवलं, आणि म्हणाल्या, "जिभेखालचा पडदा आखूड आहे. जीभ पुढे येत नाही, वर उचलत नाही. मग हा बिचारा जबड्याने धरतो, आणि जबडा दमला की मानेने, खांद्यांनी, मुठींनी. बघा, सगळं अंग आवळलंय याचं. हट्ट नाही हा, मेहनत आहे." मग लेकीकडे वळून, "आणि तुमचं काही चुकलेलं नाही."

लेक त्या शेवटच्या वाक्यावर रडली. मी पाण्याचा ग्लास भरून आणला, तिच्या हातात दिला आणि परत जाऊन भरलेलाच माठ पुन्हा भरला.

"तुम्ही पण पाजताना सैल बसा," बाई जाताना म्हणाल्या.

"हो," असं म्हणून लेक आणखी ताठ झाली. त्यात तिची चूक नव्हती. सैल हो म्हटल्यावर सैल झालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

पडदा मोकळा करायला मोठ्या रुग्णालयात जायचं ठरलं. काम छोटंसं, असं सगळे सांगत होते. पण जीभ कोणाच्या हद्दीत येते याचा निकाल त्या रुग्णालयात तोपर्यंत लागलेला नव्हता. बालविभागाच्या खिडकीवरच्या बाईंनी चिठ्ठी वाचून सांगितलं, "तोंडातलं आहे. दातांकडे जा." दातांच्या खिडकीवरच्या माणसाने साहेबांकडे वाकून पाहिलं. "दात आहेत का याला? नाहीत ना? मग आमचा काय संबंध?" तिथून कान-नाक-घसा. तिथल्या कारकुनाने डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. "वाचा. कान. नाक. घसा. जीभ लिहिलंय कुठे?"

जावई इतका वेळ शांत होते. ते म्हणाले, "मग जीभ कोणाकडे असते?"

"तक्रारीची खिडकी खाली आहे."

"तक्रार नाही हो. पत्ता विचारतोय."

शेवटी आतून एक डॉक्टरीणबाई चहाला निघाल्या होत्या, त्यांनी हे ऐकलं आणि "जीभ घशाच्या वाटेवरच आहे ना, द्या टोकन" म्हणून प्रश्न मिटवला. पण टोकन मिळालं ते शेवटचं.

बाकावर आमच्या शेजारी हिरव्या शालीतली एक मुलगी बसली होती. आमच्या लेकीच्याच वयाची, मांडीवर तेवढंच बाळ. मध्येच तिने शाल ओढून त्याला पाजायला घेतलं आणि शालीआडून आवाज आला, टक्. लेकीने आणि तिने एकमेकींकडे पाहिलं. त्या दोघींची ओळख तेवढ्यावर झाली.

तिचं बाळ झोपलं आणि आमचे साहेब उठले. त्यांनी असा काही सूर लावला की दातांच्या खिडकीवरचा माणूससुद्धा बाहेर येऊन पाहून गेला. लेक उभी राहून, चालून, थोपटून थकली, आणि मग साहेबांबरोबर तीही रडू लागली. तेवढ्यात हिरव्या शालीचा नंबर पुकारला. तिने हातातलं टोकन लेकीच्या हातात ठेवलं.

"तुम्ही जा आधी. माझं झोपलंय."

आत काम खरंच छोटं होतं. डॉक्टरीणबाईंनी साहेबांचं डोकं परिचारिकेला धरायला लावलं, छोटीशी कात्री, आणि "झालं." रक्ताचा एक ठिपका. लगेच त्याला लेकीच्या कुशीत दिलं. माझे कान इतके पुढे गेले होते की पदर मागे राहिला असावा.

टक्.

"लगेच नाही होणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतके दिवस जबड्याने ओढत होता. जीभ आत्ता सुटली, ती काम शिकेल हळूहळू. मान, जबडा अजून आवळलेलेच आहेत. सांगितलेले व्यायाम करा, जागा असताना पोटावर ठेवा, मान दोन्हीकडे वळू द्या. सोमवारी वजन करायला या. वाढलं नसेल तर मात्र बाटलीचा विचार करू, त्यात वाईट काही नाही."

आम्ही बाहेर आलो तर खिडकीवर पडदा. डॉक्टरीणबाईंना तातडीच्या शस्त्रक्रियेला बोलावणं आलं होतं. हिरव्या शालीला पुढच्या आठवड्यातली सकाळ मिळाली होती.

लेकीचा चेहरा पडला. "तुमचा नंबर आम्ही खाल्ला."

"असू दे हो." मग ती जरा घुटमळली. "खरं सांगू? मला सुटल्यासारखंच झालं. हे कामावर लांब असतात, घरी दुसरं कोणी नाही. ते त्याचं डोकं धरतील तेव्हा मी एकटी कशी उभी राहू, हेच मघापासून चाललं होतं डोक्यात."

"तुमच्या दिवशी मी येते," लेक म्हणाली. "बाहेर बसते, आत येते, म्हणाल तिथे. नक्की."

तिने शाल सावरली आणि मान हलवली. लोक कितीदा 'नक्की' म्हणतात ते तिला माहीत असावं.

त्यानंतरचे दिवस मी फार भांडी घासली. व्यायाम चालले होते, पण साहेब कुशीत आले की धनुष्य आणि टक्. मुख्याध्यापिका येऊन "कापूनही नाही?" एवढं विचारून गेल्या. एका दुपारी लेक खिडकीशी उभी होती. खालच्या गल्लीत कोणी बाई बाळाला घेऊन चालली होती, तिच्याकडे बघत म्हणाली, "बाटली दिली तर देऊ गं. मला काही कमीपणा नाही वाटत. पण एकदा तरी मला याला दुखल्याशिवाय पाजायचंय. एकदाच. कसं असतं ते मला कळू दे, मग खुशाल बाटली."

मी तिच्या शेजारी जाऊन खिडकीचा गज धरून उभी राहिले. आईचा आवाज माझ्या कानात इतका स्पष्ट होता की तो हिलाही ऐकू यायला काय हरकत होती. पण तो माझ्यातून गेल्याशिवाय तिच्यापर्यंत जाऊ शकत नव्हता, आणि मी दार लावून बसले होते. तिनेच लावायला सांगितलेलं.

रविवारी सकाळी मी दिवा लावला, आणि वरचे काका आले. काका निवृत्तीआधी जमिनी मोजत, निवृत्तीनंतर योग शिकवत. त्यांनी पाळण्यात पाहिलं आणि म्हणाले, "हा एकाच बाजूला बघतो. खिडकीकडे. मान आखडणारच. बाळाची दिशा बदला."

म्हणजे डोकं पायाकडे आणि पाय डोक्याकडे, एवढंच करायचं होतं. साहेबांना उचलून उलटं ठेवलं की काम झालं. पण जावयांना ते तात्पुरतं वाटलं. पाळणाच फिरवू. पाळणा फिरायला पलंग हलवायला हवा. पलंग हलायला कपाट. "कपाट बाहेर पॅसेजमध्ये घेऊ, मग सगळं नीट सरळ लावू," जावई म्हणाले, आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यातून पाणसळ बाहेर आली. लेक अंघोळीला गेली होती. मी झोपलेल्या साहेबांना घेऊन खोलीच्या कोपऱ्यात उभी राहिले. मौन असल्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही.

"डावीकडे घ्या," काका पॅसेजमधून म्हणाले. "तुमच्या नाही, माझ्या. आता उचला. तिरकं. अजून तिरकं."

कपाट तिरकं झालं, दारात शिरलं आणि तिथेच बसलं. पुढे जाईना, मागे येईना. पलीकडे जावई आणि काका. अलीकडे मी आणि साहेब. मध्ये कपाट, आणि कडेला तळहाताएवढी फट.

जावयांनी पाणसळ लावून पाहिली. "बुडबुडा मध्येच आहे," ते म्हणाले, जरा आश्चर्याने.

तेवढ्या धक्क्याने साहेब उठले. उठले ते भुकेलेच. लेक ओल्या केसांनी धावत आली. "आई, तो उठला? भूक लागलीय त्याला. आई, बरा आहे ना?"

माझा दिवा स्वयंपाकघरात, कपाटाच्या पलीकडे. वास येत होता त्यावरून अजून चांगला तेवत होता.

"आई, बोल ना."

"त्यांना ऐकू येत नाही हो," मुख्याध्यापिकांचा आवाज. त्या कधी आल्या कोण जाणे.

मी कपाटावर बोटाने ठोकलं.

"ठोकलं. एकदा म्हणजे हो," काकांनी जाहीर केलं. "ता-ई, बा-ळ ब-रं आ-हे का?"

मी पुन्हा ठोकलं. तेवढ्यात साहेबांची टाच कपाटावर बसली.

"दोनदा. दोनदा म्हणजे काय?" आता वॉचमनही वर आला होता. बाहेर वाद सुरू झाला. काकांच्या मते दोनदा म्हणजे नाही, वॉचमनच्या मते दोनदा म्हणजे खूपच हो. तेवढ्यात जावयांना सुचलं. अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, "ऐक ना. आईंचा दिवा विझवला तर त्या बोलतील."

दिवा दुसऱ्याने विझवला तर नेम माझा मोडतो की त्याचा, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

"खबरदार," लेक म्हणाली. "तिच्या दिव्याला कोणी हात लावायचा नाही. ती सांभाळेल त्याला."

मी मघापासून कपाटाला पाठ लावून उभी होते. ते ऐकलं आणि खाली बसले. पंधरवडाभर मी तिचा शब्द सांभाळत होते. ती माझा सांभाळत असेल हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

साहेब हातात तडफडत होते. मुठी, पाय, मान, सगळं गच्च. मी त्यांना घट्ट धरलं होतं, आणि मी घट्ट धरलं की ते आणखी ताणले जात होते. तेव्हा आई आली. नेहमीसारखी, मानेखालच्या हातातून. आधी खांदे.

माझे खांदे कुठे आहेत ते मला तेव्हा कळलं. मी ते सोडले. भरलेल्या पिशव्या दाराशी ठेवाव्यात तसे. श्वास लांब सोडला. साहेबांना पालथं माझ्या छातीवर घेतलं आणि पाठ टेकून मागे रेलले. काही केलं नाही. ते जरा वेळ रडले, मग नुसतेच कण्हले, मग थांबून ऐकू लागले. माझ्या छातीत काय चाललंय ते ऐकत असावेत. एक मूठ माझ्या गळ्याशी होती. तिची करंगळी सुटली. मग बाकीची. सगळा पंजा उघडून माझ्या मानेवर पसरला, गरम आणि ओलसर. आणि मान वळली. खिडकीकडे नाही, दुसऱ्या बाजूला, दाराकडे, जिथून त्याच्या आईचा आवाज येत होता.

फटीत लेकीचा एक डोळा दिसत होता.

"आई," ती हळूच म्हणाली. "काय केलंस?"

मी सांगू शकत नव्हते. सकाळचा नेम होता, त्यावर तिचा नेम होता. तिने फटीतून हात आत घातला. मी सरकले आणि तो हात माझ्या खांद्यावर घेतला. मग खांदे वर नेले, कानांपर्यंत, तिचे असतात तसे. आणि सोडले. पुन्हा वर नेले. आणि सोडले.

तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला. बाहेर काका, "आता तीनदा ठोकायला सांगा," असं म्हणत होते.

सुतार आला, त्याने कपाटाची वरची पट्टी काढली, "हे मुळात आत गेलं कसं?" असं विचारलं आणि दार मोकळं केलं. तोवर माझा दिवा शांत झाला होता. मी बोलू शकले असते. लेकीने साहेबांना घेतलं आणि मला म्हणाली, "बोलू नकोस. फक्त मागे बस. हात ठेव."

पलंग आडवा, पाळणा उभा, कपाट पॅसेजमध्ये. ती जमिनीवरच बसली, एकही उशी न घेता. मी मागे बसले. तिने त्याला जवळ घेतलं आणि तिचे खांदे सवयीने वर चढले. माझे तळहात त्यांच्याबरोबर चढले. मी दाबलं नाही, नुसते ठेवले. नेम जिभेचा होता, हातांचा नव्हता, हे मी देवाला मनात एकदा स्पष्ट करून ठेवलं. थोड्या वेळाने खांदे उतरू लागले. इतके सावकाश की मला आधी वाटलं माझेच हात जड झालेत.

टक्.

तिने त्याला सोडवलं, परत घेतलं. त्याने तोंड मोठं उघडलं. पायांची बोटं वळली नाहीत. टॉवेल मांडीवर तसाच पडून होता. दारात जावई पाणसळ छातीशी धरून उभे होते.

आणि मग, खूप आत, तळाशी एक खडा पडला.

घुटुक.

कोणी हललं नाही. मध्ये एक टक् आलं, मग पुन्हा घुटुक, घुटुक. लेकीने मान मागे टाकली आणि ती माझ्या छातीवर टेकली. लहानपणी टेकायची तशी, पण आता भार जास्त होता. मला त्या क्षणी आई इतकी हवी होती. तिने काही सांगायला नाही. नुसती शेंगा सोलत बाजूला बसायला.

साहेब पिऊन झोपले. माझा नेम सुटला. आता मला हवा तो सल्ला देता आला असता. मी तोंड उघडलं, आणि तिथे काहीच नव्हतं.

सोमवारी वजन थोडं वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरेसं आहे. अजूनही दिवसातून काही वेळा टक् होतं, काही वेळा चमचा लागतो. कपाट अजून पॅसेजमध्ये आहे. त्याला परत आत न्यायचं धाडस कोणात नाही.

मग हिरव्या शालीची सकाळ आली. लेकीने आदल्या संध्याकाळीच जायचे कपडे काढून ठेवले होते. पण सकाळी मी दिवा लावून खोलीत डोकावले तर ती झोपली होती, साहेब तिच्या कुशीत, दोघांची तोंडं उघडी, चारही मुठी सुटलेल्या. इतक्या आठवड्यांत मी त्या दोघांना एकाच वेळी झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मी तिची पिशवी उचलली. जावई चहा करत होते. मी खोलीकडे बोट केलं, ओठांवर बोट ठेवलं, दिव्याकडे बोट केलं. ते सगळं समजले. "लक्ष ठेवतो," ते कुजबुजले. "दिव्यावर पण."

खाली वॉचमनने दोन बोटांनी हवेत चालून भुवया उंचावल्या. मी हातांचा पाळणा करून हलवला, मग छातीवर हात ठेवला, मग रुग्णालयाच्या दिशेने बोट केलं. त्याने जरा विचार केला आणि आवाज न करता फाटक उघडलं.

दिवा शांत व्हायला अजून बराच वेळ होता. तिला भेटेन तेव्हाही मला बोलता येणार नव्हतं. पण हात दोन्ही मोकळे होते. कोपऱ्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की घाईत खांदे वर गेलेत. मी ते खाली सोडले आणि चालू लागले.